नाशिकमध्ये राहून कामाची लाईन कशी निवडायची: फॉर्म भरायच्या आधी करायच्या गोष्टी

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांसाठी भरतीचं काम करतो मी, बरीच वर्षं झाली. मुलाखतीला आलेल्या पोरांना एक प्रश्न नेहमी विचारतो, की बाबा ज्या कामासाठी आलायस त्यात दिवसभर काय करावं लागतं ते सांग. बहुतेकांना सांगता येत नाही. पदाचं नाव माहीत असतं, पगाराचा आकडा माहीत असतो, कोणाच्या मावसभावाला तिथं लागलंय तेही माहीत असतं, पण सकाळी गेटमधून आत गेल्यावर हाताला काय काम येणार हे माहीत नसतं. आणि मग सहा महिन्यांत सोडून जातात, घरचे म्हणतात पोरगं टिकत नाही. पोरगं वाईट नसतं हो, त्यानं नाव निवडलेलं असतं, दिवस निवडलेला नसतो. म्हणून हा लेख, दहावी-बारावीवाल्यांसाठी, डिग्री होऊन घरी बसलेल्यांसाठी आणि नोकरीत असून लाईन बदलायची आहे अशांसाठी पण.

आधी घरचा कागद

आवड वगैरे नंतर बघू. आधी एक कागद घ्या आणि खरं खरं लिहा. तुमची कमाई नसेल तर घर अजून किती वर्षं थांबू शकतं? एक, तीन की पाच? फीसाठी किती पैसे आहेत आणि त्यातले कर्जाचे किती? नाशिक सोडून पुण्या-मुंबईला जायची तयारी आहे का, आणि नसेल तर का नाही, आई-वडिलांचं आजारपण, शेती, लग्न, जे काही असेल ते. रात्रपाळी चालेल का. दिवसभर उभं राहणं जमेल का, की एका जागी बसून स्क्रीनकडे बघणं जमतं. अनोळखी माणसाशी बोलायला मजा येते की घाम फुटतो.

हा कागद कोणाला दाखवायची गरज नाही पण तो लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण पुढची सगळी छाननी यावरच होते. ज्याचं घर एकच वर्ष थांबू शकतं त्यानं पाच वर्षांची वाट धरायची असेल तर मधे कमाईचा टप्पा असलेली वाट शोधावी लागते, आणि तशा वाटा आहेत. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. बारावी सायन्स झालेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे. शिवाय आपल्या नाशिकमध्येच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून, नोकरी करता करता डिग्री पूर्ण करणारी हजारो माणसं तिथून बाहेर पडली आहेत. त्यामुळं दहावीला आयटीआय घेतली म्हणजे शिक्षण संपलं असं जे घराघरात बोललं जातं ते चुकीचं आहे, मी आयटीआय करून पुढं इंजिनीअर झालेली माणसं रोज बघतो.

आता जिल्ह्यात कामं कोणती आहेत ते बघा

आपल्याकडं लाईनची यादी जाहिरातीवरून तयार होते. क्लासची जाहिरात लागते, आपण तेवढ्यातूनच निवडतो. उलट करा, आपल्या आजूबाजूला पैसा कशातून फिरतोय ते बघा आणि त्या प्रत्येक धंद्यात कोणकोणती माणसं लागतात ते लिहीत जा.

पहिला मोठा गट मशीनचा. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी. महिंद्रा आणि बॉश ही नावं सगळ्यांना माहीत, पण खरी भरती त्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्या-मध्यम वर्कशॉपमध्ये जास्त होते. तिथं सीएनसी किंवा व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन) ऑपरेटर म्हणून लागलात तर दिवस असा असतो: जॉब म्हणजे कापायचा तुकडा मशीनवर लावायचा, सायकल म्हणजे मशीनची एक फेरी चालू करायची, निघालेला पीस व्हर्नियर-मायक्रोमीटरनं मोजायचा, माप सरकलं तर ऑफसेट म्हणजे मापाची दुरुस्ती मशीनमध्ये द्यायची, टूल घासलं की बदलायचं, रिपोर्ट भरायचा, आणि हे सगळं उभं राहून, आठ तास आणि ओव्हरटाईम असेल तर बारा. यात पुढं जायची पायरी म्हणजे ऑपरेटरचा सेटर (नव्या कामासाठी मशीन लावून देणारा) होणं आणि सेटरचा प्रोग्रॅमर होणं. खूप पोरं वर्षानुवर्षं ऑपरेटरच राहतात, कारण ड्रॉईंग वाचता येत नाही. ज्याला ड्रॉईंग वाचता येतं आणि मोजमापाची शिस्त आहे त्याला या शहरात काम कमी पडत नाही, हे मी अगदी जबाबदारीनं सांगतो.

त्याच शेडमध्ये बाकीची कामं पण असतात जी कोणी मोजत नाही. टूल रूम, मेंटेनन्स, क्वालिटी, कॅलिब्रेशन (मोजायची साधनं बरोबर आहेत का ते तपासणं), स्टोअर, प्रॉडक्शन प्लॅनिंग, सेफ्टी ऑफिसर. इलेक्ट्रिकल सामान बनवणाऱ्या कंपन्या आपल्याकडं बऱ्याच आहेत, त्यामुळं पॅनल वायरिंग आणि टेस्टिंगची माणसं लागतात, आणि असेंब्लीच्या कामात मुलींची संख्या चांगली असते. ओझरला एचएएल ही लढाऊ विमानं बनवणारी सरकारी कंपनी आहे, १९६४ पासून, मिग झालं, सुखोई झालं, आता तेजसची लाईनही तिथं आहे. तिथं आयटीआय अप्रेंटिसच्या जाहिराती निघतात, त्यावर लक्ष ठेवा. नाशिकरोडची नोट प्रेस १९२८ ची, तिथली भरतीही जाहीर परीक्षेनं होते.

दुसरा गट शेतीचा, आणि याबद्दल मला जास्त बोलायचंय कारण शेतकऱ्याची पोरंच याच्याकडं पाठ फिरवून दहा-बारा हजाराच्या कंत्राटी नोकरीला येतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात द्राक्षाचा माल परदेशात जातो, आणि एक कंटेनर जायला नुसता शेतकरी लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्यानंतर फवारणीचं वेळापत्रक, पान-देठ परीक्षण, माती-पाणी परीक्षण, मालात औषधाचा अंश राहिलाय का ते तपासणारी लॅब, अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट पोर्टलवर बागेची नोंद आणि माग ठेवणं, पॅकहाऊसमधली प्रतवारी, प्रीकूलिंग म्हणजे माल लगेच थंड करणं, कोल्ड स्टोरेजचा रेफ्रिजरेशन टेक्निशियन, निर्यातीची कागदपत्रं करणारा माणूस, रीफर म्हणजे थंड कंटेनरची वाहतूक. यातलं एकेक काम म्हणजे एकेक लाईन आहे. बीएससी अ‍ॅग्री, केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फूड टेक्नॉलॉजी, कॉमर्स, आयटीआयचा रेफ्रिजरेशन ट्रेड, सगळ्यांना इथं जागा आहे. मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी एकदा तरी बघून या, शेतीत केवढं काम आहे ते डोळ्यांनी दिसेल. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी आहेत, त्यात वाईन बनवण्याचं तांत्रिक काम वेगळं आणि पाहुण्यांना फिरवणं-हॉटेल सांभाळणं वेगळं. लासलगावला कांद्याचा बाजार आहे, तिथं व्यापार शिकायचा तर एखाद्या आडतदाराकडं एक हंगाम बसावं लागतं, ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मात्र एक लक्षात ठेवा, द्राक्षाच्या कामाला हंगाम असतो, जानेवारी ते एप्रिल झोप नसते आणि पावसाळ्यात काही ठिकाणी कामच नसतं, तेव्हा बारा महिने पगार आहे का हे आधी विचारायचं.

आरोग्याची लाईन: महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे आणि शहरात दवाखाने वाढतच चाललेत. नर्सिंगमध्ये एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएससी नर्सिंग चार. डी फार्म दोन, बी फार्म चार. लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन हेही आहे. काम कष्टाचं आहे, रात्रपाळी आहे, सणवार नाही, पण माणसाला उपयोगी पडल्याचं समाधान ज्याला लागतं त्यानं जरूर बघावं.

कॉमर्सवाल्यांनी सीएच्या पलीकडंही बघा. प्रत्येक छोट्या कारखान्याला जीएसटी रिटर्न, पीएफ-ईएसआयसी (कामगाराचा भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य विमा), पगारपत्रक, टॅली करणारा विश्वासू माणूस लागतो आणि तो सहज मिळत नाही. आयटीमध्ये नाशिकला थोड्या कंपन्या आहेत, पुण्याएवढं काम नाही, हे मनाशी धरूनच त्या बाजूला जा. बांधकाम, वाहतूक, हॉटेल, कृषी सेवा केंद्र, शिक्षक ही कामं तुमच्या आजूबाजूलाच आहेत. आणि २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी रस्त्यांपासून घाटांपर्यंत कामं चालू आहेत, सिव्हिलवाल्या पोरांना साईटचा अनुभव घ्यायची ही चांगली संधी आहे, फक्त त्यातलं बरंच काम मेळ्यापुरतं असणार हे धरूनच चला.

या सगळ्यातून पाच-सहा कामं निवडा. घरच्या कागदाशी जुळवा. जुळत नाहीत ती खोडा. तीन उरली तर पुरे.

मग माणसं गाठायची

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि हाच सगळे टाळतात. प्रत्येक लाईनमधली तीन माणसं शोधा. एक जो दोन-तीन वर्षांपूर्वी लागलाय, कारण त्याला सुरुवातीचा पगार आणि त्रास ताजा आठवतो. एक जो दहा-पंधरा वर्षं तिथं आहे, म्हणजे पुढं कुठपर्यंत जाता येतं ते कळेल. आणि एक जो ती लाईन सोडून गेलाय. तिसऱ्याला गाठायला थोडी खटपट पडते पण तोच सर्वात कामाचं सांगतो.

ओळख नाही असं म्हणू नका. गल्लीत, भावकीत, वडिलांच्या मित्रांत, कॉलेजच्या सिनिअरमध्ये कोणी ना कोणी असतंच. नाहीच मिळालं तर शिफ्ट सुटायच्या वेळेला अंबडमध्ये एखाद्या चहाच्या टपरीवर उभं राहा आणि नीट आदरानं विचारा, "दादा, मी आयटीआयला फिटर की मशिनिस्ट घेऊ ते ठरवतोय, दहा मिनिटं बोलाल का?" लोक बोलतात. कामाबद्दल मनापासून विचारणारा माणूस क्वचितच भेटतो, म्हणून आवडीनं बोलतात.

पगार किती हा पहिला प्रश्न नको. विचारायचं असं, की काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलं ते सांगा. शेवटी कंटाळा कशाचा येतो? साहेब ओरडतो ते कशावरून? तुमच्याबरोबर लागलेले आज कुठं आहेत? हातात किती येतं आणि किती वर्षांनी वाढलं? पाठ, डोळे, झोप यावर काय परिणाम झाला? तुमच्या भावाला किंवा बहिणीला या लाईनमध्ये घालाल का? या शेवटच्या प्रश्नाला माणूस थोडा थांबतो आणि मग खरं बोलतो. मुलींनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, कंपनीची बस आहे का आणि दुसऱ्या पाळीत किती बायका असतात. आणि हे कंपनीतल्या एखाद्या ताईलाच विचारा, एचआरला नको, मी स्वतः त्या बाजूला बसतो म्हणून सांगतोय, आम्ही कंपनीची चांगलीच बाजू सांगणार.

ऐकलेलं घरी आल्यावर लगेच लिहून ठेवा, दोन दिवसांनी फक्त पगार लक्षात राहतो.

काम करून बघा

बोलून अर्धं कळतं. उरलेलं हातात घेतल्यावर. सुट्टीत पॅकहाऊसमध्ये हंगामी काम करा, सीए किंवा टॅक्सवाल्याकडं दोन महिने बिलं लावायला बसा, मेडिकलच्या काउंटरवर उभं राहा, शिक्षक व्हायचं असेल तर आधी गल्लीतल्या पाच पोरांची शिकवणी घेऊन बघा आणि तिसऱ्या महिन्यातही उत्साह आहे का ते तपासा.

शिक्षण झालेलं असेल तर अप्रेंटिसशिप हा सगळ्यात चांगला रस्ता. १९६१ च्या कायद्याखाली ती होते, सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करायची, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी सर्टिफिकेट. वेगळी म्हणजे राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ मध्ये सुरू झाली, त्यात बारावीला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. त्याची नोंदणी महास्वयंम पोर्टलवर, चालू नियम तिथंच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज नको. धंदा करायचा असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती घ्या, पण कर्जाचा अर्ज करायच्या आधी तोच धंदा दुसऱ्याच्या दुकानात सहा महिने करा ही माझी कळकळीची विनंती आहे.

करून बघताना स्वतःकडं लक्ष ठेवा. काम अवघड वाटलं तर हरकत नाही, अवघड सगळंच असतं सुरुवातीला. वेळ कसा जातो ते बघा. चूक झाली तर ती का झाली हे शोधावंसं वाटतं का? घरी येऊन त्याबद्दल बोलता का? तसं होत असेल तर ती लाईन तुमची व्हायची शक्यता बरीच आहे.

पैशाचा हिशोब

ऑफर लेटरवरचा आकडा म्हणजे हातात येणारा पगार नाही, हे अजूनही खूप जणांना माहीत नसतं. उदाहरणापुरतं धरा की एकूण पगार १६,००० आणि त्यात बेसिक-डीए म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता १२,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४० कापले, ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १२०, पुरुषांना व्यवसाय कर २००, हातात आले १४,२४०. आता कंपनी तिच्या बाजूचा पीएफ १,४४० आणि ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे ५२० मिळवून सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च १७,९६० सांगते. तुम्ही गावाला अठरा हजार सांगता आणि खर्चाला चौदा मिळतात, त्यातून सिन्नर किंवा गोंद्याचं पेट्रोल जातं.

तरी पीएफ-ईएसआयसी कापणारी नोकरी कधीही चांगली. २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसीत घरच्यांचाही इलाज होतो. "कापत नाही, पूर्ण रोख देतो" म्हणणाऱ्यापेक्षा कापणारा बरा. दुसरं विचारा, कंपनीच्या रोलवर घेताय की ठेकेदाराच्या? दोन्हीत काम तेच, सुरक्षितता वेगळी.

आणि कोर्सचा हिशोब असा: फी, राहणं-खाणं, आणि तेवढी वर्षं न कमावलेले पैसे, तिन्ही मिळवा, आणि समोर ठेवा तुम्ही भेटलेल्या, दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेल्या माणसाला हातात काय मिळतंय ते. क्लासनं सांगितलेलं पॅकेज नको, त्या माणसानं सांगितलेलं.

स्पर्धा परीक्षा

हा विषय नाजूक आहे. सार्वजनिक वाचनालयापासून गंगापूर रोडच्या अभ्यासिकांपर्यंत बसलेली पोरं मी बघतो, मेहनतीत कुठं कमी नसतात. पण एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, म्हणजे थांबायला कोणी सांगतच नाही. म्हणून मुदत तुम्ही घालायची, सुरू करायच्या आधी, आणि घरात सगळ्यांसमोर सांगायची. किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, पूर्व परीक्षेत कटऑफच्या किती जवळ आलो तर पुढं. बरोबर दुसरी लाईन जिवंत ठेवा. पोलीस भरतीवाल्यांनी १६०० मीटर आणि गोळाफेकीच्या जोडीला एखादं सर्टिफिकेट घेऊन ठेवा, टायपिंग असो की ड्रायव्हिंग. मुदत संपली की दुसऱ्या लाईनला लागायचं, त्यात कमीपणा काही नाही, त्या अभ्यासानं आलेली शिस्त आम्हाला मुलाखतीत लगेच दिसते.

कुठं फसायचं नाही

नोकरीसाठी पैसे मागितले की तिथून उठायचं. प्रेसमध्ये लावतो, एचएएलमध्ये ओळख आहे, महापालिकेत साहेब आपले आहेत, हे सगळं एकाच जातीचं बोलणं. सरकारी भरती अधिकृत वेबसाईटवरच निघते आणि तिथंच निकाल लागतो. मूळ कागदपत्रं कोणाकडं ठेवायची नाहीत, दाखवायची आणि परत घ्यायची.

कोर्स घेताना मान्यता तपासा. नर्सिंग आणि फार्मसीला कौन्सिलची नोंदणी लागते, ती ज्या सर्टिफिकेटवर होत नाही ते सर्टिफिकेट कामाचं नाही, मग इमारत कितीही चकाचक असू दे. डिप्लोमा एमएसबीटीई या राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न आहे का, आयटीआयचा ट्रेड एनसीव्हीटीच्या (आता एनसीव्हीईटी, केंद्राची कौशल्य प्रशिक्षण परिषद) मान्यतेचा आहे का ते बघा. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणणाऱ्याला मागच्या वर्षीच्या चार मुलांचे नंबर मागा आणि फोन लावून विचारा.

घरी कसं बोलायचं

बाबांना इंजिनीअर पाहिजे आणि तुम्हाला रेफ्रिजरेशनचा ट्रेड घ्यायचाय, तर "मला आवडतं" एवढ्यानं भागणार नाही. त्यांनी आयुष्यभर पैशाची ओढाताण बघितलीय, त्यांची भीती खरी आहे. त्यांच्यासमोर तुमचे कागद ठेवा, कोणाला भेटलो, काय विचारलं, हातात काय येतं, पुढं डिप्लोमा कसा होतो. जमलं तर त्या दहा वर्षं काम केलेल्या माणसालाच घरी चहाला बोलवा, बाबा तुमचं ऐकणार नाहीत पण त्याचं ऐकतील. आणि आई-वडील हे वाचत असतील तर त्यांना एवढंच, की पोरगं माणसं भेटून, हिशोब मांडून समोर आलं असेल तर अर्धा तास मधे न बोलता ऐका.

नोकरीत असून बदलणाऱ्यांनी आधी नोकरी सोडू नका. संध्याकाळ आणि रविवार वापरा, मुक्त विद्यापीठ आहे, छोटे कोर्स आहेत, आणि कंपनीतल्या कंपनीत डिपार्टमेंट बदलून मिळतं का ते विचारा. प्रॉडक्शनमधून क्वालिटीत, स्टोअरमधून परचेसमध्ये गेलेले खूप आहेत.

कागदपत्रं आत्ताच

ठरवलं आणि दाखल्यापायी सीट गेली, असं दरवर्षी होतं. दहावीच्या निकालानंतर आयटीआय आणि डिप्लोमाचे प्रवेश लगेच चालू होतात आणि तेव्हा दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात रांग असते. म्हणून निकालाची वाट न बघता उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस काढून ठेवा. जात वैधतेला वेळ लागतो, तो अर्ज सगळ्यात आधी. मुलींनी हे नक्की बघा: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, त्यासाठी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो. आधारला बँक खातं जोडलेलं पाहिजे आणि आधारवरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, नसेल जुळत तर या आठवड्यातच दुरुस्तीला टाका.